अभेद्यतेचा भ्रम आणि ॲलन ट्युरिंग

काही वर्षांपूर्वी एका सरकारी समितीचा सदस्य म्हणून मी एका बैठकीला उपस्थित होतो. लाखो लाभार्थ्यांच्या खात्यांत पैसे जमा करणारी एक संगणकीय प्रणाली आमच्यासमोर मांडली जात होती. ती पूर्णतः सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र फाइलीला जोडलेले होते. ही प्रणाली मोडून पाहण्याचा प्रयत्न कोणी केला आहे काय, असा साधा प्रश्न मी विचारला. खोलीत थोडी शांतता पसरली. मग एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने सौजन्याने मला समजावले, की प्रमाणपत्र मिळालेले असताना असा प्रयत्न करणे म्हणजे प्रणालीवर अविश्वास दाखवणे होय. पुढे एका तालुक्याच्या गावी त्याच प्रणालीचे काम पाहण्याचा योग आला. तेथील कार्यालयातले सगळे कर्मचारी एकच परवलीचा शब्द वापरत होते आणि कोणी विसरू नये म्हणून तो कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवलेला होता. प्रमाणपत्रात त्या चिटोऱ्याचा उल्लेख असण्याचे काही कारण नव्हते.

त्या दिवसापासून ॲलन ट्युरिंग या माणसाच्या चरित्राकडे मी वेगळ्या नजरेने पाहू लागलो. संगणकशास्त्राचा जनक, जर्मनीची गुप्त लिपी फोडणारा गणिती आणि स्वतःच्याच देशाने छळलेला माणूस अशी त्याची तीन रूपे आपल्याला परिचित आहेत. ही तिन्ही रूपे जोडणारा एक धागा मात्र फारसा चर्चेत येत नाही. यंत्रावर, माणसावर किंवा संस्थेवर विश्वास ठेवायचा तर तो कशाच्या आधारावर, हा प्रश्न ट्युरिंगने आयुष्यभर वेगवेगळ्या स्वरूपांत हाताळला. ज्या देशात आज रेशनपासून निवृत्तिवेतनापर्यंत सर्व काही संगणकावर अवलंबून आहे, त्या देशाच्या नागरिकांनी हे चरित्र पुन्हा एकदा वाचावे असे मला वाटते.

या चरित्राची सुरुवात, विशेष म्हणजे, भारतातून करावी लागते. ॲलनचे वडील ज्युलियस ट्युरिंग हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी होते. त्यांची नोकरी मद्रास इलाख्यात झाली. आज ओडिशात असलेले गंजम जिल्ह्यातील छत्रपूर हे तेव्हा त्याच इलाख्यात होते आणि ॲलनच्या जन्माच्या सुमारास वडिलांची नेमणूक तेथे होती. आई एथेल सारा स्टोनी हिचा जन्म तर कोइमतूरजवळील पोदनूरचा. तिचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता होते. थोरला भाऊ जॉन १९०८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे जन्मला. ॲलनचा जन्म मात्र २३ जून १९१२ रोजी लंडनमध्ये झाला. भारतातील हवामान मुलांना मानवणार नाही या त्या काळच्या समजुतीने दोन्ही भावांना इंग्लंडमध्ये एका निवृत्त लष्करी दांपत्याकडे ठेवण्यात आले. आईवडिलांच्या रजा उजाडतील तेव्हाच त्यांची भेट होई. साम्राज्य चालवणाऱ्या कुटुंबांतील मुलांच्या वाट्याला येणारे हे पोरकेपण ॲलनच्याही वाट्याला आले.

१९२६ मध्ये तो शेरबोर्न या शाळेत दाखल झाला. शाळेचे पहिले सत्र सुरू व्हायचे त्याच वेळी देशव्यापी संप पुकारला गेला आणि रेल्वे बंद पडली. तेरा वर्षांच्या या मुलाने साउथॅम्प्टनपासून सुमारे ६० मैल सायकल चालवत शाळा गाठली. तेथील शिक्षकांना तो अव्यवस्थित आणि हट्टी वाटे. अभिजात भाषांपेक्षा त्याला गणित आणि रसायन अधिक आवडत. ख्रिस्तोफर मॉरकॉम हा त्याचा जिवलग मित्र १९३० मध्ये क्षयाने मरण पावला आणि या मृत्यूचा त्याच्या मनावर खोल परिणाम झाला. १९३१ मध्ये तो केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात गेला आणि वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी तेथे त्याची फेलो म्हणून निवड झाली.

१९३६ मध्ये त्याने लिहिलेल्या निबंधात आधुनिक संगणकाची कल्पना प्रथमच तर्कशुद्ध रूपात मांडली गेली. एक अमर्याद लांबीची पट्टी, तिच्यावरील चिन्हे वाचणारे आणि लिहिणारे एक साधे यंत्र आणि त्याने पाळायच्या मोजक्या सूचना, एवढ्या सामग्रीवर कोणतीही आकडेमोड करता येते असे त्याने दाखवले. एवढेच नव्हे, तर इतर कोणत्याही यंत्राच्या सूचना वाचून त्याचे काम करणारे एक सार्वत्रिक यंत्रही शक्य आहे, हेही त्याने सिद्ध केले. आपल्या खिशातील मोबाइलमध्ये हीच कल्पना काम करते.

तथापि त्या निबंधाचा मुख्य निष्कर्ष नकारात्मक होता आणि धोरणकर्त्यांच्या दृष्टीने तोच अधिक महत्त्वाचा आहे. कोणतेही यंत्र आणि त्याच्या सूचना पुढ्यात आल्या, की ते अपेक्षेप्रमाणे वागेल की कायमचे भरकटेल याचा निर्णय नेहमीच अचूक देणारी एकच सर्वसाधारण पद्धत अस्तित्वात असू शकत नाही, हे त्याने गणिताने सिद्ध केले. संगणक प्रत्यक्षात तयार होण्यापूर्वीच त्याच्या तपासणीची मर्यादा अशा प्रकारे आखली गेली होती. कोणत्याही प्रणालीवर डोळे झाकून मारता येईल असा सुरक्षिततेचा सार्वत्रिक शिक्का तर्कशास्त्रालाच मान्य नाही. हे माहीत असते तर त्या बैठकीत मी माझा प्रश्न अधिक ठामपणे विचारला असता.

पुढची दोन वर्षे त्याने अमेरिकेत प्रिन्स्टन येथे काढली आणि डॉक्टरेट मिळवली. १९३८ मध्ये इंग्लंडला परतल्यावर सरकारच्या कूटलिपी विभागाशी त्याचा संबंध आला. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्क या गुप्त केंद्रात कामावर हजर झाला.

जर्मन सैन्य आपले संदेश एनिग्मा नावाच्या यंत्राने सांकेतिक करत असे. दिसायला ते एखाद्या टंकलेखन यंत्रासारखे होते. कळ दाबली की विद्युतप्रवाह फिरत्या चक्रांमधून जाई आणि मूळ अक्षराऐवजी दुसरेच अक्षर उजळे. प्रत्येक कळीसरशी चक्रे सरकत, त्यामुळे तेच अक्षर पुन्हा दाबले तरी उत्तर बदले. पाच चक्रांतून निवडलेली तीन चक्रे, त्यांचा क्रम, त्यांची सुरुवातीची स्थिती आणि पुढच्या फळीवरील दहा तारांच्या जोडण्या यांचा हिशेब केला तर यंत्राच्या संभाव्य मांडण्यांची संख्या १५९ वर १८ शून्ये एवढी प्रचंड होते. या आकड्यावर जर्मनीचा विश्वास होता आणि केवळ आकडेमोडीच्या दृष्टीने तो विश्वास चुकीचा म्हणता येणार नाही.

परंतु यंत्र आणि त्याभोवतालची माणसे मिळून प्रणाली बनते. यंत्राच्या रचनेमुळे कोणतेही अक्षर कधीही स्वतःच्याच रूपात उमटू शकत नसे. हा दोष क्षुल्लक वाटतो, पण अंदाज बांधणाऱ्याला त्यातून फार मोठा आधार मिळतो. त्यात माणसांच्या सवयींची भर पडली. हवामानाचा अहवाल रोज ठरावीक वेळी, ठरावीक शब्दांनी सुरू होई. वरिष्ठांचे हुद्दे आणि नेहमीची संबोधने दररोज जशीच्या तशी येत. यंत्राची सुरुवातीची अक्षरे मनाला येतील तशी निवडावीत असा नियम असताना थकलेले कर्मचारी शेजारशेजारच्या कळा किंवा ओळखीच्या मुलीचे नाव वापरत. तालुक्याच्या कार्यालयातील चिटोऱ्याचे हे पूर्वज होते.

या कामाचा पाया पोलंडच्या गणितज्ञांनी घातला होता, हे येथे आवर्जून सांगितले पाहिजे. मारियान रेयेव्स्की आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९३०च्या दशकातच एनिग्मा भेदली होती आणि जुलै १९३९ मध्ये आपले सारे ज्ञान ब्रिटन व फ्रान्सच्या हवाली केले होते. पोलिश पद्धत मात्र जर्मनांच्या एका विशिष्ट सवयीवर अवलंबून होती आणि ती सवय कधीही सुटू शकली असती. ट्युरिंगने अधिक व्यापक मार्ग शोधला. संदेशात एखादा ठरावीक मजकूर असणार असा अंदाज धरायचा, त्यातून निघणारे तार्किक निष्कर्ष यंत्राकडून तपासायचे आणि जेथे विसंगती दिसेल ती मांडणी बाद करायची. बरोबर उत्तर शोधण्याऐवजी अशक्य उत्तरे झपाट्याने वगळणारे हे यंत्र बाँब या नावाने ओळखले गेले. १९४०च्या मार्चमध्ये पहिला बाँब बसवण्यात आला. गॉर्डन वेल्शमन या सहकाऱ्याने सुचवलेल्या सुधारणेने त्याचा वेग पुष्कळ वाढला. ही यंत्रे ब्रिटिश टॅब्युलेटिंग मशीन कंपनीने बनवली. याच कंपनीने पुढे बनवलेला एक संगणक १९५०च्या दशकाच्या मध्यास कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आला आणि भारतातील पहिला इलेक्ट्रॉनिक संगणक ठरला, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे.

जर्मन नौदलाची एनिग्मा सर्वांत कठीण होती, कारण नौदलाची शिस्त अधिक काटेकोर होती. ती फुटणार नाही असेच ब्लेचलीतील अनेकांचे मत होते. ट्युरिंगने ती आपणहून हाती घेतली. तिच्याकडे इतर कोणी पाहत नसल्यामुळे निवांतपणे काम करता येईल, हेही त्यामागचे एक कारण होते. अटलांटिक महासागरात जर्मन पाणबुड्या ब्रिटनकडे येणारी अन्नधान्याची आणि इंधनाची जहाजे बुडवत होत्या. १९४१च्या वसंतापासून जर्मन जहाजांवरून हस्तगत केलेल्या कागदपत्रांच्या आणि ट्युरिंगच्या गणिती पद्धतींच्या जोरावर नौदलाचे संदेश नियमित वाचता येऊ लागले आणि मालवाहू ताफ्यांना पाणबुड्यांच्या वाटेतून वळवणे शक्य झाले.

हे यश एकट्याचे नव्हते. युद्धाच्या अखेरीस ब्लेचली पार्कशी संबंधित कामांत नऊ ते दहा हजार माणसे होती आणि त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश स्त्रिया होत्या. १९४१च्या ऑक्टोबरमध्ये मात्र अशी परिस्थिती होती की, काही कारकून आणि टंकलेखिका मिळत नाहीत एवढ्याच कारणाने महत्त्वाचे काम अडून पडत होते. वरिष्ठांकडे केलेल्या विनंत्या निष्फळ ठरल्या. तेव्हा ट्युरिंगसह चौघांनी सर्व श्रेणी ओलांडून थेट पंतप्रधान चर्चिल यांना पत्र लिहिले. चर्चिल यांनी शिस्तभंगाचा विचार न करता या मागण्या सर्वोच्च प्राधान्याने पुरवण्याचा आदेश लगेच दिला. आपल्याकडे असे पत्र लिहिणाऱ्याची प्रथम कोणती चौकशी झाली असती, याचा विचार प्रशासनात काम केलेल्या प्रत्येकाने करून पाहावा.

या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद भाग मला जर्मनीच्या बाजूचा वाटतो. पाणबुडी दलाचा प्रमुख डोनिट्झ याला आपले संदेश फुटत असावेत अशी शंका एकापेक्षा अधिक वेळा आली. चौकशाही झाल्या. प्रत्येक चौकशीचा निष्कर्ष एकच निघाला, की एनिग्मा व्यवहारात अभेद्य आहे आणि दोष फितुरी, रडार किंवा अशाच अन्य कारणांत शोधावा. यंत्र निवडणारे आणि वापरणारेच त्याची तपासणी करत होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये खबरदारी म्हणून अटलांटिकमधील पाणबुड्यांच्या यंत्रात चौथे चक्र बसवण्यात आले आणि ब्लेचली सुमारे दहा महिने अंध झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस भूमध्य समुद्रात बुडणाऱ्या एका जर्मन पाणबुडीतून संकेतपुस्तिका मिळवताना दोन ब्रिटिश नौसैनिकांनी प्राण गमावले. त्या पुस्तिकांवरून असे कळले, की हवामानाचे संक्षिप्त संदेश पाठवताना जुन्या यंत्रांशी जुळावे म्हणून चौथे चक्र निष्क्रिय ठेवले जात होते. सोयीसाठी ठेवलेल्या या फटीतून ब्लेचलीने पुन्हा प्रवेश मिळवला.

तथापि यातून ब्रिटिशांच्या शहाणपणाची आणि जर्मनांच्या मूर्खपणाची गोष्ट रचली तर ती खोटी ठरेल. त्याच काळात जर्मन नौदलाचे कूटतज्ज्ञ मित्रराष्ट्रांच्या मालवाहू ताफ्यांसाठी वापरली जाणारी ब्रिटिश लिपी मोठ्या प्रमाणावर वाचत होते. ती बदलली गेली १९४३च्या जून महिन्यात. शत्रूच्या अभेद्यतेचा भ्रम रोज उघडा पाडणारे राष्ट्र स्वतःच्या लिपीबाबत तोच भ्रम बाळगून होते. दुसऱ्याची कमजोरी दिसते त्या नजरेने स्वतःकडे पाहणे संस्थांना फार जड जाते, एवढाच याचा अर्थ.

ट्युरिंगच्या विक्षिप्तपणाच्या अनेक कथा सांगितल्या जातात. गवत-तापाच्या दिवसांत तो सायकलवर गॅस मास्क घालून फिरे. चहाचा मग कोणी नेऊ नये म्हणून तो साखळीने रेडिएटरला बांधून ठेवी. त्याच्या सायकलची साखळी अधूनमधून निसटे. नवीन सायकल घेण्याऐवजी त्याने पायडलचे फेरे मोजले, साखळी ठरावीक फेऱ्यांनंतरच निसटते हे शोधले आणि त्या क्षणाच्या थोडे आधी तो पाय आवरू लागला. या कथेत गमतीपलीकडचे काही आहे. बिघाडाची वेळ आणि कारण माहीत असलेले मोडके यंत्रही निभावून नेता येते. ज्या यंत्रात बिघाड होऊच शकत नाही असे मानले जाते, ते खरे धोकादायक.

युद्धानंतर १९४५ मध्ये तो लंडनजवळील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत दाखल झाला आणि काही महिन्यांतच एका संपूर्ण इलेक्ट्रॉनिक संगणकाचा तपशीलवार आराखडा त्याने सादर केला. प्रयोगशाळेच्या प्रशासनाला मात्र तो झेपला नाही. निर्णय लांबत गेले आणि कंटाळलेल्या ट्युरिंगने १९४८ मध्ये मँचेस्टर विद्यापीठाची वाट धरली. त्याच्या आराखड्यावर आधारलेले छोटे यंत्र १९५० मध्ये चालू झाले, तेव्हा तो तेथे नव्हता.

या काळातील त्याच्या दोन गोष्टींकडे मी धोरणकर्त्यांचे लक्ष वेधू इच्छितो. पहिली म्हणजे फेब्रुवारी १९४७ मध्ये लंडनच्या गणितज्ञांपुढे त्याने दिलेले व्याख्यान. संगणक नुकते कोठे आकार घेत होते. तरीही यंत्र चालवणारे तज्ज्ञ आपले स्थान टिकवण्यासाठी कामाभोवती गूढतेचे वलय निर्माण करतील आणि कोणी ते काम सोपे करू पाहिले तर अगम्य शब्दांच्या आड लपतील, असा इशारा त्याने तेथे दिला. सरकारी खात्यांत संगणकीय निविदांची कागदपत्रे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना या भाकिताचा अर्थ वेगळा सांगण्याची गरज नाही.

दुसरी गोष्ट २४ जून १९४९ रोजी केंब्रिज येथील परिषदेत त्याने वाचलेला तीन पानांचा निबंध. मोठ्या आज्ञावलीची तपासणी कशी करावी, हा त्याचा विषय होता. ट्युरिंगने शाळेतल्या बेरजेचे उदाहरण घेतले. लांबलचक बेरजेचे केवळ उत्तर समोर ठेवले तर तपासणाऱ्याला सगळी बेरीज पुन्हा करावी लागते. हातचे लिहून ठेवले असतील, तर प्रत्येक स्तंभ स्वतंत्रपणे आणि सहज तपासता येतो. त्याचप्रमाणे आज्ञावली लिहिणाऱ्याने तिच्या ठरावीक टप्प्यांवर काय खरे असले पाहिजे याची विधाने लिहून द्यावीत, म्हणजे तिऱ्हाईत तपासनीस प्रत्येक टप्पा वेगळा पडताळू शकेल. आज्ञावली केव्हातरी थांबणारच, हेही सिद्ध करून द्यावे. त्यासाठी प्रत्येक फेरीत घटत जाणारी एखादी राशी दाखवावी.

१९३६ आणि १९४९ ही दोन वर्षे शेजारी ठेवली की त्यांतला बोध स्पष्ट होतो. सर्व यंत्रांना पुरेल असे एक प्रमाणपत्र अशक्य आहे, परंतु विशिष्ट यंत्र बनवणाऱ्याने आपले दावे स्पष्ट मांडले तर ते तपासता येतात. म्हणजे सिद्ध करण्याची जबाबदारी निर्मात्यावर असते, आणि तपासणारा निर्मात्यापेक्षा वेगळा असावा लागतो. छपाईच्या अनेक चुकांसह प्रसिद्ध झालेला हा निबंध जवळजवळ विस्मृतीत गेला. १९६७ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट फ्लॉइड यांनी तत्सम पद्धत मांडली आणि तिथून या शाखेची परंपरा रुजली. ट्युरिंगच्या तीन पानांकडे संशोधकांचे लक्ष वेधले गेले ते १९८४ मध्ये.

मँचेस्टरमध्ये त्याने तेथील यंत्रासाठी आज्ञावलीकारांची पुस्तिका लिहिली, यंत्रे विचार करू शकतात काय यावर १९५० मध्ये प्रसिद्ध निबंध लिहिला आणि प्राण्यांच्या अंगावरील ठिपके व पट्टे कसे तयार होतात याचे गणित मांडले. १९५१ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला. सरकारच्या कूटलिपी विभागाला सल्ला देण्याचे त्याचे कामही गुप्तपणे चालू होते.

जानेवारी १९५२ मध्ये त्याच्या घरी चोरी झाली. नागरिकाने करावे तेच त्याने केले, पोलिसांना कळवले. चौकशीत एका तरुणाशी असलेले आपले संबंध त्याने लपवले नाहीत. चोरीची तक्रार बाजूला राहिली आणि तक्रारदारच आरोपी झाला. १८८५च्या कायद्याखाली ३१ मार्च १९५२ रोजी त्याला दोषी ठरवण्यात आले. तुरुंगवास टाळायचा तर वर्षभर संप्रेरकांचा उपचार घ्यावा लागेल, अशी अट होती. त्याने ती पत्करली. सरकारी गुप्त कामाची त्याची परवानगी काढून घेण्यात आली. ज्याने देशाची गुपिते सांभाळली आणि शत्रूची उघडी केली, तो माणूस त्याच्या खाजगी आयुष्यामुळे राष्ट्रीय सुरक्षेला धोका ठरला. ७ जून १९५४ रोजी सायनाइडच्या विषाने त्याचा मृत्यू झाला. वय ४१ वर्षे होते. मृत्युचौकशीत आत्महत्येचा निर्णय देण्यात आला. आईला मात्र तो अपघातच वाटत राहिला.

पोदनूरला जन्मलेल्या त्या आईने १९५९ मध्ये मुलाचे चरित्र लिहिले. युद्धकाळात त्याने नेमके काय केले, हे त्या पुस्तकात येऊ शकले नाही, कारण ते राष्ट्राचे गुपित होते. ब्लेचलीची हकीकत जगासमोर आली १९७४ मध्ये. २००९ मध्ये ब्रिटनच्या पंतप्रधानांनी क्षमा मागितली आणि २४ डिसेंबर २०१३ रोजी राजमाफी मिळाली. त्या तारखेच्या अवघ्या तेरा दिवस आधी, ११ डिसेंबर २०१३ रोजी, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ वैध ठरवले होते. ब्रिटिश राजवटीने १८६० मध्ये आपल्यावर लादलेल्या या कलमातून प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या खाजगी संबंधांना मुक्ती मिळण्यासाठी ६ सप्टेंबर २०१८ चा निकाल यावा लागला. ज्युलियस ट्युरिंग ज्या दंड संहितेच्या आधारे राज्यकारभार चालवत होते, तिने त्यांच्या मुलालाही गुन्हेगारच ठरवले असते.

आता आपल्या काळाकडे वळतो. ऑगस्ट २०२३ मध्ये यूपीआयच्या मासिक व्यवहारांनी हजार कोटींचा टप्पा ओलांडला. एवढ्या मोठ्या लोकसंख्येला एवढ्या कमी खर्चात अशी सुविधा देणे हे खरोखरच मोठे यश आहे आणि त्याचा मला अभिमान वाटतो. पण जेवढे अवलंबित्व मोठे, तेवढी तपासणीही मोठी असावी लागते. ऑक्टोबर २०१९ मध्ये कुडनकुलम अणुवीज प्रकल्पाच्या संदर्भात सायबर हल्ल्याची बातमी आली, तेव्हा नियंत्रण यंत्रणा बाहेरच्या जाळ्याशी जोडलेली नसल्याने हल्ला शक्यच नाही, असा खुलासा प्रकल्पाकडून झाला. दुसऱ्याच दिवशी अणुऊर्जा महामंडळाने मान्य केले, की प्रशासकीय जाळ्यातील एका संगणकात घातक आज्ञावली सापडली होती आणि तिची माहिती सप्टेंबरमध्येच मिळाली होती. अणुभट्टीची यंत्रणा सुरक्षित होती, हे खरेच. माझा आक्षेप पहिल्या दिवशीच्या प्रतिक्षिप्त नकाराला आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा देशातील अग्रगण्य रुग्णालयाला कित्येक दिवस कागदावर काम करावे लागले.

आपला कायदा दोष दाखवणाऱ्याला कसे वागवतो? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ४३ मालकाच्या परवानगीविना संगणकात प्रवेश करणाऱ्यावर दायित्व टाकते आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. सद्भावनेने दोष शोधून संबंधितांना कळवणाऱ्या संशोधकाला स्पष्ट संरक्षण देणारी तरतूद त्यात नाही. त्याचा हेतू शुद्ध होता की नाही, हे ठरेल ते तक्रार झाल्यानंतर. एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला कळवाव्या लागतात, हे योग्यच आहे. परंतु नोव्हेंबर २०२३ मध्ये हीच यंत्रणा माहिती अधिकाराच्या कक्षेतून वगळण्यात आली. माहिती आत जाईल, बाहेर किती येईल हे सरकार ठरवेल. काही बाबी गुप्त ठेवाव्याच लागतात, हे प्रशासनात आयुष्य घालवलेल्या मला मान्य आहे. पण गुप्ततेने दोष नाहीसा होत नाही, तो शत्रूला माहीत असतो आणि आपल्याला नसतो, एवढाच फरक पडतो. डोनिट्झच्या चौकशांचे अहवालही गुप्तच होते.

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. सद्भावनेने केलेल्या सुरक्षा-संशोधनाला कायद्याने संरक्षण द्यावे. सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या प्रत्येक मोठ्या प्रणालीची तपासणी तिच्या निर्मात्याशी आणि मालक खात्याशी संबंध नसलेल्या संस्थेकडून व्हावी आणि दोष दुरुस्त झाल्यावर तिचा अहवाल प्रसिद्ध व्हावा. बिघाडांच्या चौकशीत कोणाला शिक्षा करावी यापूर्वी कोणती सवय, कोणती सोय आणि कोणते गृहीतक चुकले, हे विचारले जावे. विमान अपघातांच्या तपासात ही रीत जगभर रूढ आहे.

समितीच्या त्या बैठकीचे इतिवृत्त पुढे माझ्याकडे स्वाक्षरीसाठी आले, तेव्हा त्यात माझ्या प्रश्नाची नोंद नव्हती. मी ती करून घ्यायला हवी होती. तसे न करता मी स्वाक्षरी केली, कारण प्रमाणपत्र जोडलेले होते आणि वेळ थोडा होता. जर्मन नौदलातील त्या चौकशी अधिकाऱ्यांकडेही बहुधा हीच दोन कारणे असतील.